हिरव्या जाकिटाचा आतला खिसा

“साहेब, तुमचं हे जहाज आजवर कधी कुणासाठी थांबलंय का हो?”

डेल्फीनने हे विचारलं ते थेट जहाजाच्या शिडीच्या तोंडाशी उभं राहून, आणि तेही पांढऱ्याशुभ्र गणवेशातल्या, खांद्यावर तीन सोनेरी पट्ट्या मिरवणाऱ्या अधिकाऱ्याला. पैज तशीच लागली होती. मागे दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून टेस आणि रोंडा एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. “जमणारच नाही तुला,” रोंडा म्हणाली होती. “गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘आहे’ म्हणताना टोमॅटो व्हायचीस तू.” बास. एवढं पुरेसं होतं.

अधिकाऱ्याने आधी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे. “धुक्यासाठी थांबतं, पोरी. वादळासाठी थांबतं. माणसांसाठी नाही.”

“एखादी राणी यायची राहिली असेल तरी?”

“राणीने धक्क्यावरून हात हलवावा. आम्ही वरून हलवू.”

टेस किंचाळलीच. शिडी चढणारी माणसंही हसली. एकाने टाळ्या वाजवल्या. डेल्फीनने गुडघा वाकवून सगळ्यांना नमस्कार ठोकला. अंगात नुसत्या गुदगुल्या होत होत्या. त्याच गर्दीतून, दुपारी तिच्या टेबलाशी आलेलं फिनिक्सचं ते कुटुंब तिच्या शेजारून वर गेलं. बापाच्या खांद्यावर झोपलेली छोटी मॅडी, तिच्यावर पिवळा प्लॅस्टिकचा रेनकोट पांघरलेला. आईने हात हलवला, “थँक यू, डेल्फीन!” डेल्फीनने दोन्ही हात हलवले.

मग शिडी वर गेली, दोर सुटले, भोंगा वाजला. मोसमातलं पर्यटकांचं शेवटचं जहाज. आता मे महिन्यापर्यंत धक्का गावाचा. तिघी मैत्रिणी ओरडून ओरडून घसा बसेपर्यंत ओरडल्या. जहाज पलीकडच्या बेटाआड अंगठ्याएवढं झालं तेव्हा डेल्फीन टेबल आवरायला परत आली, आणि तिला खुर्चीची पाठ दिसली.

रिकामी.

मॅडीच्या पिवळ्या रेनकोटाखाली सिरिलमामाचं हिरवं जाकीट होतं.

*

सिरिलमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. एकोणीस उन्हाळे तो धक्क्याच्या टोकाशी एक घडीचं टेबल टाकून बसला. त्याला कुणी नेमलं नव्हतं. जहाजातून लेकराबाळांसकट उतरणारी माणसं जीन्स घालून, छत्र्या उलट्या करून, कुडकुडत, एकमेकांवर खेकसत गावात शिरायची, ते त्याला बघवायचं नाही. म्हणून त्याने एक कागद लिहिला, ग्रंथालयात त्याच्या प्रती काढल्या, आणि येईल त्या कुटुंबाच्या हातात द्यायला लागला. छत्री जहाजातच ठेवा, इथला वारा ती खातो. सुती कपडा भिजला की तुमचा वैरी, लोकरीचे थर घाला. मळमळत असेल तर पोराला हिरवं सफरचंद द्या, जहाजाच्या स्वयंपाकघरात मागितलं की मिळतं. दुर्बीण प्रत्येक पोराला वेगळी, नाहीतर देवमासा बाजूला राहील आणि घरची लढाई बघत बसाल. फोनवरच्या वेळेवर जाऊ नका, जहाजाच्या घड्याळावर चाला. एक दिवस काहीच ठरवू नका. जाताना सामान वाढतं, बॅगेत जागा ठेवा.

आणि सगळ्यात खाली, रेघ मारून : पोरांना देवमाशाचं वचन देऊ नका. दिसला तर दिसला.

ही शेवटची ओळ त्याने डेल्फीनच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली होती. “लोक विचारतील, अस्वल नक्की दिसेल ना? तू काय म्हणशील?”

“हो, दिसेल?”

“अजिबात नाही. ‘माहीत नाही’ म्हणायचं. ठणठणीत आवाजात. माहीत नसणं ही काही पुटपुटायची गोष्ट नाही.”

मामानेच तिला बोलायला शिकवलं. तिसरीत असताना ती टेबलाखाली बसायची. सहावीत टेबलामागे. आठवीत त्याने तिच्या हातात कागदांचा गठ्ठा दिला आणि स्वतः कॉफी प्यायला निघून गेला, मुद्दाम. यंदाचा उन्हाळा तिने एकटीने टेबल चालवलं, आणि गावातली म्हातारी माणसं येता जाता म्हणाली, जीभ सिरिलचीच आहे हिची.

सिरिलमामा गेल्या ऑक्टोबरात गेला. छातीत पाणी भरलं म्हणून त्याला बोटीने ज्युनो शहरातल्या दवाखान्यात नेलं, तिथे सहा दिवस काढले. परत आला तो पेटीतून, आणि त्याचं जाकीट एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून. आईने ते स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर अडकवलं. तिथे ते वर्षभर होतं. कुणी धुतलं नाही, कुणी खिशात हात घातला नाही. तसंच करायचं असतं. गावात माणसांच्या दोन बाजू, गरुड आणि कावळा, आणि बाजू आईकडून मिळते. आई गरुडाच्या बाजूची, म्हणून मामा आणि डेल्फीनही गरुडाच्या बाजूचे. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी फक्त रडायचं. पेटी ठोकायची, खड्डा खणायचा, मयताला कपडे चढवायचे, ते सगळं समोरच्या बाजूने, कावळ्याच्या बाजूने करायचं. बाबा कावळ्याचे, त्यांची बहीण अर्नेस्टीनआत्या कावळ्याची. मग वर्षाने गरुडांनी सगळ्या कावळ्यांना जेवायला बसवायचं, ज्याने जे केलं त्याची आठवण ठेवून हातात काहीतरी द्यायचं, गेलेल्याच्या वस्तू वाटायच्या, आणि दुःख खाली ठेवायचं. तोवर वस्तू जागच्या जागी.

त्या जेवणाला आता सोळा दिवस उरले होते. आईने उन्हाळाभर सॅल्मनच्या बरण्या भरल्या, जांभळ्या बेरींचा मुरंबा केला, ब्लँकेटांची चळत छताला टेकवली. जूनमध्ये तिने आत्याला विचारलं होतं, “अर्नेस्टीन, त्याला शेवटचे कपडे तू चढवलेस. तुला काय देऊ?”

आत्या हात पुसत म्हणाली, “बरण्या नकोत, ब्लँकेट नको. सिरिलचं हिरवं जाकीट दे.”

आईचे डोळे भरून आले. पुढे कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आत्याचा नवरा अठ्ठाविसाव्या वर्षी मासेमारीला गेला तो परतलाच नाही. मामाने लग्नच केलं नाही. आणि रोज सकाळी दहाला आत्या धक्क्यावर थर्मास घेऊन जायची.

“तुझ्या त्या चिटोऱ्यात लिही रे, इथली कॉफी कडू असते.”

“लिहितो. कॉफी बरी, कॉफीवाली कडू.”

“पी गुमान. नाहीतर ओतते पाण्यात.”

“ओत. मासे मरतील, मग काय खाशील?”

वर्षानुवर्षं हेच. यापलीकडे त्या दोघांना काही बोलताना डेल्फीनने ऐकलं नव्हतं.

*

जाकीट तिने सकाळी खुंटीवरून काढलं होतं, आई बरण्यांची झाकणं आणायला दुकानात गेली तेव्हा. फक्त आजच्या दिवसापुरतं. अंगात घालायचं नव्हतंच. मामा ऊन पडलं की ते खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, तसंच टाकायचं, शेवटच्या जहाजाला. तो तिथेच आहे असं वाटावं म्हणून. संध्याकाळी परत खुंटीवर. कुणाला कळणारही नाही.

मग दुपारी मॅडी आली. सहा वर्षांची. जीन्स, सुती टी-शर्ट, वर दुकानातला पिवळा कागदासारखा रेनकोट, सगळं आतून ओलं. ओठ निळे पडलेले. आई बापाला म्हणत होती, “तूच म्हणालास ना उन्हाळा आहे म्हणून!” बाप म्हणत होता, “फिनिक्सहून निघताना पारा एकशेआठवर होता, मला काय ठाऊक!” आणि डेल्फीन, जिला आता सगळं येत होतं, जी आता कुणाला घाबरत नव्हती, तिने एका झटक्यात मॅडीचा टी-शर्ट काढायला लावला, खुर्चीवरचं जाकीट उचललं, तिला गुंडाळलं, बाह्यांना चार चार घड्या घातल्या आणि गळ्यापर्यंत चेन ओढली.

“जाताना द्या हं परत. माझ्या मामाचं आहे.”

“अगं, हो तर!” मॅडीची आई म्हणाली. मॅडीचे दात वाजायचे थांबले. डेल्फीनला इतकं भरून आलं की तिने वर एक ताजा कागद दिला आणि जहाजावर हिरवं सफरचंद मागायची आठवण करून दिली.

अर्ध्या तासाने रोंडा पळत आली. “चल, तो सोनेरी पट्टीवाला शिडीवर आलाय. पैज आठवते ना?”

*

आईला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. सांगताना आवाज फुटेना. इतक्या महिन्यांची कमाई, तो ठणठणीत आवाज, गेला कुठे कोण जाणे. आईने ऐकून घेतलं, उठली, दारामागच्या रिकाम्या खुंटीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून, बराच वेळ. भाताचं पाणी उतू गेलं तरी.

बाबा म्हणाले, “थांबा, मिळेल. माणसं वाईट नसतात.” मामाच्या वहीत प्रत्येक कुटुंब आपलं नाव, गाव, मेलचा पत्ता लिहून जायचं. फिनिक्सच्या पानावर मॅडीने देवमासा काढला होता. बाबांनी मेल लिहिला. जहाजाच्या कंपनीलाही लिहिलं.

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी बाबांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच फोनवरून वाचून दाखवलं.

“प्रिय डेल्फीन, मॅडीने ते जाकीट चार दिवस अंगातून काढलंच नाही! पण व्हँकुव्हरला विमानाच्या वजनात बॅगा बसेनात, म्हणून ते जहाजावरच्या खोलीतच ठेवून आलो. फार जुनं होतं, आम्हाला वाटलं पाहुण्यांसाठीच ठेवता असे. तुमच्या कागदावर लिहिलं होतं बॅगेत जागा ठेवा, ऐकायला हवं होतं आम्ही!” पुढे एक हसरा चेहरा होता. तो बाबांनी वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. मोसम संपला, खोल्या रिकाम्या करून धुतल्या, सापडलेल्या वस्तूंच्या यादीत जाकीट नाही. खेद आहे.

“मी सांगतो अर्नेस्टीनला,” बाबा पुढे झाले.

“तुम्ही नाही,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. “हिने नेलं. ही सांगेल.”

*

आत्याच्या अंगणात मासे धुरावर सुकवायच्या धुरीघराच्या फटींतून अल्डरच्या लाकडाचा धूर गळत होता. आत्या बाहेर फळीवर शेवटचे कोहो मासे चिरत बसली होती. डेल्फीनला बघताच तिने सुरी उंचावली.

“या या, भावाची लाडूबाई! जावई सापडला का मला? त्या पांढऱ्या डगलेवाल्याशी लाडीगोडी चालली होती म्हणे शिडीवर. तीन पट्ट्यांचा आहे म्हणे. मी तर चार पट्ट्यांखाली होकार देणार नाही हं.”

एरवी डेल्फीनने दुप्पट परतवलं असतं. आत्याशी तिचं नातंच ते. आज ती फळीच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि सगळं सांगून टाकलं, खुंटीपासून विमानाच्या वजनापर्यंत. एकही गोष्ट वगळली नाही. पैजसुद्धा सांगितली.

आत्या चिरत राहिली. एक मासा. दुसरा मासा. पाठीचा काटा एका हिसक्यात वेगळा करायची तिची सवय होती. तिसऱ्या माशाला हिसका बसला नाही. सुरी मध्येच थांबली.

“आतला खिसा,” ती म्हणाली. “डाव्या बाजूचा. त्याचं बटण लावलेलं होतं का उघडं होतं?”

“खिशात काही होतं का, आत्या?”

“बटणाचं विचारते मी.”

आत्याने सुरी खाली ठेवली, ओले हात मांडीवर पालथे टाकले.

“त्याला ज्युनोच्या बोटीवर चढवलं ना, तेव्हा जाकीट मी घातलं त्याच्या अंगात. घालता घालता एक चिठ्ठी ठेवली आत. वर बटण लावलं. म्हटलं, पोचलास की उघड, आधी नाही. तो म्हणाला, कॉफीचं बिल आहे का? म्हटलं, हो, एकोणीस वर्षांचं.” ती किंचित हसली. “मला चिठ्ठी नको होती गं. तीत काय लिहिलंय ते पाठ आहे मला. त्याने उघडली की नाही, तेवढं बघायचं होतं. बटण लावलेलं असलं तर तशीच गेली. उघडं असलं तर...”

पुढचं वाक्य तिने धुरात सोडून दिलं.

मामाने सहा दिवस ते जाकीट उशाशी ठेवलं होतं, आई सांगायची. सहा दिवस. डेल्फीनने डोळे मिटले आणि ती दुपार पुन्हा समोर आणली. निळे ओठ. कॉलर. बाह्यांच्या चार चार घड्या. चेन. आतलं करडं अस्तर डोळ्यांसमोरून सर्रकन गेलं, पण त्यात बटण होतं का, लावलेलं होतं का, काही केल्या दिसेना. तिने बघितलंच नव्हतं. तिला घाई होती. तिला सगळं येत होतं.

‘उघडं होतं’. दोनच शब्द. अगदी दातांपर्यंत आले. म्हणायचा अवकाश, आत्याच्या चेहऱ्यावर काय उजाडलं असतं! कुणाचं काय बिघडणार होतं? जाकीट समुद्रात की कचऱ्यात, कुणी तपासायला जाणार होतं का?

आणि तिला कागदाची शेवटची ओळ दिसली, रेघेसकट.

“माहीत नाही, आत्या,” ती म्हणाली. पुटपुटली नाही. आवाज थरथरला, पण शब्द पुरे बाहेर आले. “मी बघितलं नाही.”

आत्याने मान हलवली. एकदा. मग अजून एकदा.

“बिघडवलं तुला सिरिलने,” ती म्हणाली. “साधं खोटंही बोलायला शिकवलं नाही मेल्याने.” ही थट्टा होती. दोघींपैकी कुणी हसलं नाही. आत्याने सुरी उचलली, पण चिरायला नाही, नुसतीच हातात धरून बसली. “आणि हे चिठ्ठीचं घरी नको. तुझी आई रडेल आणि तुझा बाप तोंड वाकडं करून सहानुभूती दाखवेल. ते मला बघवत नाही.”

डेल्फीन जायला उठली तेव्हा आत्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कुंपणापाशी पोचल्यावर मागून हाक आली, “त्या पोरीला ऊब मिळाली ना पण?”

“मिळाली, आत्या.”

“बरं.” एवढंच. घरी जाईपर्यंतच्या सगळ्या चढावर ते ‘बरं’ डेल्फीनच्या कानात होतं.

*

जेवणाला तीन दिवस उरले. दुपारी आई ब्लँकेटांवर नावं टाचत होती. बाबा टेबलाशी, मामाच्या फोटोच्या चौकटीला काच बसवत होते. डेल्फीन आतून आली ती आपली नाचाची शाल छातीशी धरून. गडद निळी लोकर, लाल काठ, आणि पाठीवर शिंपल्याच्या बटणांचा गरुड. मामाने दोन हिवाळ्यांपूर्वी खडूने तो काढून दिला होता. उजवा पंख त्याने तिच्याबरोबर बसून टाकला, डावा तिने यंदा एकटीने पुरा केला. या जेवणातल्या नाचात डेल्फीन ती पहिल्यांदा पाठीवर घेणार होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तिने शाल टेबलावर पसरली. हातात उसवायची छोटी कात्री होती.

“हे काय गं?” आईने वर पाहिलं.

“आई, बाबा, मला काहीतरी सांगायचंय. विचारायचं नाहीये, सांगायचंय.”

बाबांनी काच खाली ठेवली.

“ही मी आत्याला देणार आहे.”

“वेडी आहेस का?” आई म्हणाली. “गरुड कावळ्याच्या पाठीवर? तिला घालता तरी येईल का? अख्खं गाव हसेल.”

“गरुड ठेवणारच नाहीये.” डेल्फीनने कात्रीचं टोक डाव्या पंखाच्या पहिल्या बटणाखाली सरकवलं. धागा तुटला. बटण टेबलावर टपकन पडलं आणि गोल फिरत राहिलं. आईचा हात आपोआप तोंडाकडे गेला. “सगळा उसवणार. उजवा पंखसुद्धा. मग उरलेल्या साध्या लोकरीचं जाकीट शिवते तिच्या मापाचं, तीन दिवसांत होतं. आणि जेवणात आपल्या बाजूच्या रांगेत उभी राहून मीच सांगणार, मामाचं जाकीट माझ्यामुळे गेलं म्हणून.”

“पोरी बोलत नसतात तिथे,” आई म्हणाली. “मोठी माणसं बोलतात.”

“मग मोठ्यांचं झालं की मी बोलेन.”

“आणि नाचशील कशात?” बाबांनी हळूच विचारलं.

“काही न घेता. पाठ मोकळी ठेवून. दिसू दे सगळ्यांना.”

दुसरं बटण पडलं. तिसरं. त्याच्याखाली निळ्या लोकरीवर मामाच्या खडूची पुसट पांढरी रेघ अजून होती. डेल्फीनने ती बोटाने पुसली नाही. त्या जागेवरून नुसतं बोट फिरवलं. मग तिने सगळ्यात मोठं बटण, गरुडाच्या डोळ्यासाठी मामाने आणलेलं, उसवून मुठीत धरलं.

“आणि आत एक खिसा लावणार आहे,” ती म्हणाली. “डाव्या बाजूला. हे बटण त्याला.”

“आत खिसा कशाला?” आईने विचारलं.

“ते मी सांगणार नाही. पण बटण उघडंच ठेवणार आहे.”